चौकातला ढोलवाला

१

मनोऱ्याचे तुकडे झाले होते, तटाच्या भिंतीचा कोपरा ढासळला होता आणि चौकात उभा असायचा तो शिशाचा ढोलवाला जागेवर नव्हता.

"कोणी केलं हे?" कर्नल म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

त्यांच्या मागे सगळे दारातच खोळंबले. वकील होते, सगळे ज्याला छापखाना म्हणत तो तरुण होता, चहाचा ट्रे घेऊन आलेल्या कर्नलांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, होत्या आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला खेटून, कवळीबाई.

कर्नल सैन्यात कधी गेलेच नव्हते. त्यांचं गाद्या-उशांचं दुकान, हयात कापूस पिंजण्यात गेलेली. पण खेळण्यातले जुने सैनिक जमवायचा नाद लहानपणापासूनचा, म्हणून मित्रांनी ही पदवी दिली. दुकान मुलाच्या हाती सोपवून घरी बसल्यावर त्यांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. घरातली सगळ्यात उजेडाची खोली त्यांनी असाच नाद असलेल्या मित्रांच्या मंडळाला दिली. दोन पलंग मावतील एवढं टेबल मांडलं आणि त्यावर वर्षभर खपून देखावा उभा केला: नदी, पूल, तटाच्या आतलं गाव आणि गावातून माघार घेणारी फौज. येत्या रविवारी प्रदर्शन होतं.

घरं बनवायची ती कवळीबाईंनी. दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवण्यात त्यांची नोकरी गेली होती. "निम्मं गाव माझ्या दातांनी हसतं," असं त्या म्हणत. निवृत्त झाल्यावर त्याच प्लास्टरमधून त्या बोटभर उंचीच्या भिंती, खिडक्या, जिने ओतायला लागल्या. आणि हा जो मनोरा मोडून पडला होता, तो तेवढा त्यांचा नव्हता. तो मंडळात नव्यानं आलेल्या तरुण अभियंत्यानं थ्रीडी प्रिंटरवर काढला होता. घरं छापतो, म्हणून त्याचं नाव छापखाना.

"मनोरा जाऊ दे," वकील पुढे होत म्हणाले. "ढोलवाला कुठंय?"

प्रश्न बरोबर होता. बाकीची फौज बाजारात मिळण्यासारखी होती, ढोलवाला नव्हता. कर्नलांच्या वडिलांनी दोघा मुलांना मिळून एक पेटी आणली होती, त्यातला तो. पुढे दोघा भावांचं वाकडं आलं. दुकानाची वाटणी झाली तेव्हा सैनिकही वाटले गेले आणि ढोलवाला थोरल्याकडे आला. धाकट्याचं नाव त्यानंतर या घरात कोणी काढत नसे.

कर्नल तडक आतल्या खोलीत गेले आणि तसेच परत आले.

"डबीसुद्धा गेली," ते म्हणाले. ढोलवाला ठेवायची लाकडी डबी होती, आत कापूस घातलेली, त्यांच्या कपाटातली. "म्हणजे घरातलंच माणूस. आणि काल संध्याकाळी घरातून भांडून, बॅग घेऊन कोण गेलं, ते मी सांगायला नको."

वहिनी ट्रे धरून एक पाऊल पुढे आल्या.

"अहो, ती कशाला घेईल?"

"मला डिवचायला. ही खोली बाळासाठी हवी म्हणाली, मी नाही म्हटलं. रागाच्या भरात मनोरा फोडला आणि जाताना माझा जीव घेऊन गेली."

त्यांनी सुनेला फोन लावला. सगळ्यांसमोर लावला. पलीकडचं काही ऐकू आलं नाही, पण कर्नलांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं: "ढोलवाला घेऊनच या घराची पायरी चढायची. नाहीतर चढू नकोस."

सुनेनं मनोरा फोडलेला नाही, हे भिंतीला खेटलेल्या कवळीबाईंना पक्कं ठाऊक होतं. मनोरा त्यांनीच फोडला होता. आणि त्या खोलीतून बाहेर पडल्या, तेव्हा ढोलवाला चौकात शाबूत उभा होता.

२

घडलं होतं ते एवढंच.

गेल्या बैठकीत कर्नलांनी कवळीबाईंचा मनोरा उचलून बाजूला ठेवला आणि छापखान्याचा बसवला. "बाई, तुमचा चांगलाच आहे. पण याच्या खिडक्या बघा, सुईनं कोरल्यासारख्या," एवढंच म्हणाले. बाईंनी मान डोलावली. मनोरा पिशवीत घालून घरी आणला आणि तीन रात्री त्याच्याकडे बघत जेवल्या.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला त्या पिशवी घेऊन निघाल्या. फोडायला नव्हे. आपला मनोरा त्या जागी कसा दिसला असता, ते एकदा डोळे भरून बघायचं होतं. बाजूच्या दाराची किल्ली मंडळातल्या प्रत्येकाकडे असे. कोपऱ्यावर आल्या तर कर्नलांच्या फाटकाशी टॅक्सी उभी. सून बॅग आत टाकत होती, एक हात अवघडलेल्या पोटावर. या वेळी पिशवी घेऊन कुठे, असं कोणी विचारायला नको, म्हणून बाई औषधाच्या दुकानाच्या पाटीआड सरकल्या आणि टॅक्सी वळल्यावर पुढे झाल्या.

घरात कोणी नव्हतं. कर्नल आणि वकील प्रदर्शनाचा हॉल बघायला गेले होते. बाईंनी नवा मनोरा दोन्ही हातांनी उचलला. त्याच्या खिडक्या खरंच सुईनं कोरल्यासारख्या होत्या. तेवढ्यात तो खाली पडला. हातातून निसटला की हातांनी सोडला, हे त्यांनी त्या क्षणापासून स्वतःला हजारदा विचारलं होतं. दर वेळी उत्तर निराळं यायचं.

मनोरा तटावर आपटला. प्लास्टरचा पांढरा धुरळा उडाला आणि चौकभर बसला. चार-पाच शिपाई आडवे झाले. बाईंनी ते उभे केले, तुकडे गोळा करून एका पुठ्ठ्यावर ठेवले आणि चोरासारख्या निघून आल्या. सकाळी सांगू, असं ठरवून.

आणि सकाळी तोंड उघडायच्या आत कर्नलांनी फोन लावला होता.

'आता सांगावं,' असं त्यांना फोन सुरू असताना वाटलं. मग 'फोन ठेवल्यावर सांगू' असं वाटलं. फोन ठेवल्यावर कर्नल खुर्चीत बसून डोळे पुसायला लागले, तेव्हा 'जरा शांत होऊ देत' असं वाटलं. खोटं बोलायला एकदाच जीभ रेटावी लागते. गप्प बसणं मात्र दर मिनिटाला नव्यानं करावं लागतं आणि दर मिनिटाला ते जड होत जातं.

त्यात छापखाना जवळ येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही एवढ्या पांढऱ्याफटक का पडल्यात? मनोऱ्याचं काय मोठंसं? फाइल आहे माझ्याकडे. उद्यापर्यंत दुसरा काढून देतो."

बाईंना धड हसताही येईना.

"पोलिसांत नको," वकील कर्नलांना सांगत होते. "घरची अब्रू आहे. माझा एक स्नेही आहे, त्याला बोलावतो. त्याच्यापुढे खोटं टिकत नाही."

३

स्नेही दुपारी आले. विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं पाहायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. आग लागली की लावली, हे ते राखेवरून सांगत, म्हणून राखसाहेब. किरकोळ अंगाचा, हात पाठीमागे बांधून चालणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी चहा नाकारला, भिंग मागून घेतलं आणि टेबलापाशी इतका वेळ वाकून राहिले, की वकिलांना जांभया यायला लागल्या.

"कशाला हात लावलाय का कोणी?"

"नाही," कर्नल म्हणाले. "खोलीला सकाळपासून कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात."

"घराकडून या खोलीत यायचं हे आतलं दार?"

"त्याला घराच्या बाजूनं कडी असते. काल बाहेर जाताना हिनंच लावली होती."

"लावली होती," वहिनी म्हणाल्या. "रोजच लावते. मंडळाची माणसं बाजूच्या दारानं येतात-जातात, म्हणून."

मग राखसाहेबांनी एकेकाला व्हरांड्यात बोलावलं. वकिलांनी आडपडदा ठेवला नाही. "मला तो हवा होता, हे सगळं जग जाणतं. पण काल मी दुपारपासून जेवणापर्यंत कर्नलांच्या सोबत होतो. आणि मी चोरला असता, तर तुला कशाला बोलावलं असतं?" छापखाना म्हणाला, की तो घरीच होता, एकटा, आणि स्वतःचाच मनोरा फोडायला त्याला वेड लागलेलं नाही.

वहिनींना त्यांनी एवढंच विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतात?"

"भाजी आणायला."

"कोणती आणलीत?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चांगली नव्हती. तशीच परत आले."

त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत घासलेला डबा पालथा घालून ठेवलेला होता, आजारी माणसाला नेतात तसला तीन पुडांचा. राखसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

शेवटी कवळीबाई.

"तुम्ही काल?"

"घरीच. गुडघा धरला होता."

"हं," राखसाहेब म्हणाले. त्यांनी बाईंच्या गुडघ्याकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. "तुमच्या बोटांना प्लास्टर कायमचं मुरलंय."

"सवयीचा रंग आहे तो."

"असेल," ते म्हणाले. "बाई, मी आगी पुष्कळ पाहिल्या. रागावलेला माणूस आग लावून पळतो. मागे राहून सामान आवरत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

बाईंना काहीच वाटलं नाही. त्यांचे कान तापले होते आणि घरी कधी जाते असं झालं होतं.

निघताना त्यांनी कर्नलांच्या मुलाला फाटकातून येताना पाहिलं. तो माल खरेदीला बाहेरगावी गेला होता, तो काम टाकून आला होता. त्याला वडिलांकडे जायचं होतं की सासरी, हे त्याचं त्यालाच उमगत नसावं. तो फाटकातच उभा राहिला.

"मावशी, मी तिला फोनवर विचारलं," तो म्हणाला. "तू घेतला नाहीस ना, एवढंच विचारलं. तेव्हापासून ती फोन उचलत नाहीये."

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवळीबाईंच्या दारावर टकटक झाली. राखसाहेब होते, हात पाठीमागे.

"इकडून चाललो होतो," ते म्हणाले. ते खोटं होतं. त्या गल्लीतून पुढे कुठेच जाता येत नसे.

कामाची खोली ती बैठकीची खोली. खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर दवाखान्यातून आणलेले जुने पत्र्याचे ट्रे. एका ट्रेमध्ये खिडक्या, एकात पायऱ्या, एकात छपराची कौलं, सगळं आकारानं लावलेलं, लहानाकडून मोठ्याकडे. मधे कापडाखाली झाकलेला मनोरा. राखसाहेब ट्रेंजवळ थांबले.

"दातही असेच लावत असाल."

"पुढचे पुढे, दाढा मागे. नाहीतर सापडत नाहीत वेळेवर."

"कर्नलांच्या टेबलावर पुठ्ठ्यावर तुकडे ठेवलेत, ते असेच लावलेत. खिडक्या एकीकडे, विटा एकीकडे. लहानाकडून मोठ्याकडे."

बाई खुर्चीवर बसल्या.

"सवय," त्या म्हणाल्या. "कळलंसुद्धा नाही मला."

"मी तुमच्याकडून कबुली घ्यायला आलो नाही. मनोरा कोणी पाडला, याची मला पडलेली नाही. ज्याचा होता त्यालाही पडलेली नाही. माझी गाडी दुसरीकडे अडलीय." ते खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "सूनबाई घरातून आधी गेली, की मनोरा आधी पडला? एवढंच मला हवंय. ते सांगू शकणारं माणूस जगात एकच आहे."

"सून आधी गेली," बाई म्हणाल्या. "मी टॅक्सी वळताना पाहिली. नंतर आत गेले. आणि मी बाहेर पडले तेव्हा ढोलवाला उभा होता. पडलासुद्धा नव्हता."

"ठाऊक आहे मला, तो पडला नव्हता ते."

"मग तुम्हीच सांगा ना कर्नलांना. मुलगी सुटली, झालं."

"माझ्या सांगण्यानं ती सुटणार नाही. कर्नल म्हणतील, राखेवरून काय कळतं? त्यांना बघितलेलं माणूस हवंय." राखसाहेब उठले. "आणि दुसरं एक कारण आहे. ढोलवाला ज्यानं नेला, तेही माणूस तुमच्यासारखंच गप्प बसलंय. कोणीतरी आधी बोलल्याशिवाय ते बोलणार नाही."

"कोणी नेला?"

"उद्या सकाळी या," एवढंच म्हणून ते गेले.

बाईंनी दिवा लावला नाही. आपण कोणाकोणाला तोंड दाखवणार नाही, याची यादी त्यांनी अंधारात मनातल्या मनात केली. ती लांबत गेली आणि दर खेपेला तिच्यात शेवटचं नाव त्या पोरीचं यायचं. हसायचं, तर लोक हसतील. म्हातारपणी मत्सर सुचला म्हणतील. अर्धं खरंच होतं ते. पण पोर माहेरी बसलीय, ते कशानं अर्धं होणार होतं?

५

सकाळी कर्नलांनी कुलूप काढलं आणि सगळे टेबलाभोवती उभे राहिले. कर्नलांचा मुलगा खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून.

"हा चौक बघा," राखसाहेब म्हणाले. "मनोरा तटावर पडला, प्लास्टर फुटलं, सगळीकडे पांढरी पूड बसली. हे पाच शिपाई. यांना उचललं," त्यांनी एक उचलून दाखवला, "तर खालीही पूड आहे. म्हणजे हे आधी आडवे झाले, पूड बसली आणि मग कोणीतरी यांना तिच्यावर उभं केलं. आता ढोलवाल्याची जागा."

सगळे वाकले. पांढऱ्या चौकात एक लंबगोल डाग स्वच्छ होता, पुसल्यासारखा.

"पूड बसली तेव्हा ढोलवाला इथे उभा होता. नंतर उचलला. म्हणजे फोडण्याची वेळ एक आणि नेण्याची वेळ दुसरी."

"मग काय झालं?" कर्नल म्हणाले. "फोडला, थोडा वेळ थांबली, मग नेला."

"थांबून शिपाई उभे केले? तुकडे निवडून लावले? तुमच्यावर राग काढायला आलेल्या माणसानं?"

"असेल. ती टापटिपीचीच आहे."

खिडकीशी उभा असलेला मुलगा वळला. राखसाहेब पुढे बोलले नाहीत. ते कवळीबाईंकडे बघतही नव्हते. बाईंच्या ध्यानात आलं, की ही शांतता आपल्यासाठी ठेवलेली आहे.

"मनोरा मी पाडला," त्या म्हणाल्या.

कर्नलांना आधी नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणालात?"

"मी पाडला. माझा बसवून बघायला आले होते. हा उचलला आणि हातातून गेला. मुद्दाम की कसं, ते मला विचारू नका. मला माहीत नाही." त्या छापखान्याकडे वळल्या. "तुझं काम चांगलं होतं. तेच मला सोसलं नाही." मग पुन्हा कर्नलांकडे वळून म्हणाल्या, "तुमची सून त्याच्या आधीच टॅक्सीत बसून गेली होती. मी कोपऱ्यावरून पाहिलं. मी आत आले, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मी गेले, तेव्हा ढोलवाला जागेवर होता. तुम्ही फोन केलात तेव्हा मी इथेच, या भिंतीशी उभी होते."

"आणि गप्प बसलात."

"बसले."

कर्नलांनी खुर्ची ओढून घेतली. वकील चष्मा पुसायला लागले.

"आता राहिला ढोलवाला," राखसाहेब हळू आवाजात म्हणाले. "चोरणारा खिशात घालतो. चिडलेला गटारात टाकतो. यानं कापसाची डबी शोधून त्यात घातला, म्हणजे रंग जपायचा होता, म्हणजे परत आणून ठेवायचा होता. डबी आतल्या कपाटात. आतल्या दाराला घराकडून कडी. मंडळातलं कोणी तिकडे जाऊच शकत नव्हतं. म्हणजे घरातलं माणूस, हे तुमचं बरोबर होतं, कर्नल. मुलगा बाहेरगावी होता. सून गेलेली होती. तुम्ही वकिलांबरोबर होतात."

त्यांनी पुढचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

"मी नेला," वहिनी म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या, कोरड्या हातांनी पुन्हा पुन्हा पदर पुसत.

"धाकटे भाऊजी दवाखान्यात आहेत. महिना झाला. मी डबा नेते. भाजीला जाते म्हणून सांगते आणि डबा नेते. तुमच्यानं ते नावसुद्धा ऐकवत नाही, म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, वहिनी, ढोलवाला आहे का अजून? एकदा बघता येईल का? मी म्हटलं, आणते. घरी आले, तर हे सगळं मोडलेलं. मला वाटलं, तुमच्याच धक्क्यानं पडलं की काय. मी ढोलवाला डबीत घातला आणि तशीच परत गेले. सकाळी तुमच्या आधी उठून ठेवणार होते. पण त्यांना तो हातात धरून झोप लागली. त्या हातातून तो मला काढवेना."

"मग मी तिला फोन केला तेव्हा?" कर्नलांनी विचारलं.

"तेव्हा मी इथेच, ट्रे धरून उभी होते. 'अहो, ती कशाला घेईल' एवढं म्हणाले. तेवढ्यावर माझं धाडस संपलं. तुम्ही म्हणाला होतात ना, धाकट्याच्या दारात जाईल त्यानं इथे परत यायचं नाही. एकीला घालवलंत. मला वाटलं, आता माझी पाळी." त्यांनी पहिल्यांदा कर्नलांच्या डोळ्यांत पाहिलं. "स्वतःला वाचवायला मी लेकीसारख्या पोरीला पुढे केलं. तुमच्या सैनिकाची चोरी काहीच नाही त्यापुढे."

कर्नलांनी टेबलावरच्या पळणाऱ्या फौजेकडे पाहिलं.

"काय झालंय त्याला?" त्यांनी विचारलं.

"काळीज थकलंय म्हणतात."

ते उठले. चपला कुठे आहेत ते त्यांना सापडेना. मुलानं शोधून पायांशी आणून ठेवल्या.

"आधी तिच्याकडे चला, बाबा," तो म्हणाला.

"नको. मी आत्ता तिच्यासमोर गेलो, तर ती मोठेपणानं 'चालेल' म्हणेल, आणि ते माझ्याच्यानं घेववणार नाही. तू जा. मी दवाखान्यातून येतो." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "बाई, तुम्हीही जा त्याच्याबरोबर."

"जाणारच होते," कवळीबाई म्हणाल्या.

६

माहेर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. जिन्याशी आल्यावर मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही पुढे व्हा. मला तिला काय म्हणायचं, तेच सुचत नाहीये." तो खाली पायरीवर बसून राहिला.

सून गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. बाईंना बघून थांबली नाही. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. दोघींनी मिळून घडी घातली. घडी घालता घालता बाईंनी सगळं सांगितलं. मनोरा, पाटी, टॅक्सी, वहिनी, डबी. आपल्याला झाकेल असं काही त्यांनी ठेवलं नाही.

"सासूबाईंचं मला माहीत नव्हतं," सून म्हणाली. "तुमचं माहीत होतं."

बाईंच्या हातातली चादर सैल पडली.

"टॅक्सी वळली तेव्हा मी आरशात पाहिलं. पाटीमागून तुमची पिशवी दिसत होती आणि चपला. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्ही एक पाय बाहेर टाकून उभ्या राहता."

"मग तू सांगितलं का नाहीस? कर्नलांना फोनवर म्हणायचंस, बाईंना विचारा."

"त्यांनी विचारलं, ढोलवाला कुठंय. यांनी विचारलं, तू घेतला नाहीस ना. कोणी एकानं तरी विचारलं का, की तू कोणाला पाहिलंस?" तिनं चिमटे टोपलीत टाकले. "आणि खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाटलं. काल दिवसभर वाटलं. फोन वाजला, की वाटायचं, सांगितलं बहुतेक. नंतर वाटायचं थांबलं."

बाईंनी चादरीची राहिलेली घडी पूर्ण केली.

"मी येईन घरी," सून म्हणाली. "ती खोली मला हवीय, बाळाला उजेड हवाय, आणि हे खाली पायरीवर बसलेत ते मला इथून दिसतंय. मामंजींचंही मी बघून घेईन. पण तुम्ही मला सांगितलंत, तेवढ्यानं भागत नाही, मावशी."

"मग मी काय करू?"

"माझ्या आईला सांगा. मामंजी फोनवर काय बोलले, ते तिनं शेजारी बसून ऐकलं. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. जिन्यात कोणी विचारलं, तर पोरगी आरामाला आलीय म्हणते, आणि आत येऊन रडते. तिनं मला एकदाही विचारलं नाही, घेतलास का म्हणून. पण काल माझी बॅग तिनं उपसून पुन्हा भरली. कपडे लावते म्हणाली." सुनेचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी दाराआडून बघत होते."

आतल्या खोलीतून शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता, थांबत थांबत.

कवळीबाईंनी घडी घातलेली चादर टोपलीवर ठेवली. गुडघा धरून त्या वळल्या, तीन पायऱ्या उतरल्या आणि पडदा बाजूला केला. खिडकीशी बसलेल्या बाईनं मशीनवरून मान वर केली. बाळाचं झबलं असावं, सुई त्यात तशीच रुतलेली होती.

"मी कर्नलांच्या मंडळातली," कवळीबाई म्हणाल्या. "बसू का? मला तुम्हाला काही सांगायचंय. दोन दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं."

बाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि पलंगावरचे कपडे सरकवून त्यांना जागा करून दिली.